पेटीतले राजे

जुन्या सचित्र पुस्तकाची किंमत कशी करायची, हे मी वाशीमच्या बाजारातल्या रहीमभाईंकडून शिकलो. पुस्तक आधी उघडायचं नाही. हातात घेऊन तोलायचं, पुठ्ठ्यावर बोटाच्या पेरानं टकटक करायची, मग पानांच्या कडेला नाक लावायचं. कुबट वास आला तर ओल शिरली आहे. मग शिवण पाहायची, मग घड्या घातलेले नकाशे, आणि चित्रं अगदी शेवटी, कारण चित्रं आधी पाहिली की माणूस भुलतो आणि भाव चुकतो. आजही कुणी आजोबांच्या कपाटातली पुस्तकं शाळेत घेऊन आलं की बरोबरीचे मास्तर मला बोलावतात. मी सगळं त्याच क्रमानं करतो. फक्त चित्रांपाशी आलो की माझा हात थांबतो. समोरच्याला वाटतं, भाव पाडायचा म्हणून थांबलाय.

आमचा मळा वाशीमच्या बाहेर, रेल्वेच्या रुळापासून हाकेच्या अंतरावर होता. आम्ही माळी. वांगी, मेथी, कांदा, थोडी हळद, कुंपणावर घोसाळी, असं जे निघेल ते गावात विकायचं. घरात माझा आजा, ज्याला सगळेच आबा म्हणत, माझे आईबाप आणि मी. मला आठवतात ते दिवस आवाजांनी भरलेले आहेत. उजाडायच्या आधीच मोटेचं चाक कुरकुरायला लागायचं. बैल धावेच्या उतारावरून खाली जायचे तेव्हा मी मोटेच्या जाड दोरावर, नाड्यावर, बसून त्यांच्याबरोबर जायचो. वर मोट विहिरीच्या काठावरच्या हौदात, थारोळ्यात, उपडी व्हायची, पाणी पाटात धावायचं, आणि मग बैलांना उलट्या पावली पुन्हा विहिरीपर्यंत न्यायचं. जितकं पुढे, तितकंच मागे. त्या उतारावर बैलांच्या खुरांनी चर पडले होते, आणि त्यांच्यामध्ये एक बारीक चर माझ्या पायांचा होता. दुपारी अकोल्याकडे जाणारी गाडी शिट्टी द्यायची. बैल कान हलवायचे आणि चालत राहायचे. मी मात्र गाडीचा धूर विरेपर्यंत मान वळवून पाहत राहायचो. तेवढ्यात मोट बुडाली की नाही याकडे लक्ष राहायचं नाही आणि बा वाफ्यातून ओरडायचा.

बा फार कमी बोलायचा. जेवताना तर मुळीच नाही. मॅट्रिक पास झालो हे मी त्याला सांगितलं तेव्हा आईनं ताकातल्या कण्या वाढल्या होत्या, वर ठेचा. बानं घास घेतला, चावला, गिळला आणि म्हणाला, "मंग आता वांग्याले पानी सोड." त्यात राग नव्हता. वांग्याला पाणी सोडायचं खरोखरच राहिलं होतं. पण मी पाट वळवायला गेलो तेव्हा पायाखालचा तो ओला बांध मला पहिल्यांदाच भिंतीसारखा वाटला. आमच्या वस्तीत इंग्रजी वाचता येणारा मी एकटा. कुणाला कोर्टाचा कागद आला, कुणाच्या औषधाच्या बाटलीवर काही लिहिलेलं असलं, की ती माणसं धावेवर येऊन उभी राहायची, आणि मी नाड्यावर बसल्या बसल्या वाचून दाखवायचो. सगळ्यांना मी शिकलो याचा आनंद होता. मी कुठे जाईन, असं कुणाच्याच मनात नव्हतं.

घरात एक पेटी होती. वाशीम जिल्ह्याचं ठाणं होतं त्या काळी आबा इंग्रज साहेबाच्या बंगल्यावर माळी होता. कचेरी अकोल्याला हलली तेव्हा साहेबानं सामान बांधलं आणि जाता जाता आबाला एक सागवानी पेटी दिली. "मले वाटलं होतं, गाय देते," आबा सांगायचा, "त्यानं पेटी देल्ली. म्हटलं, असन काही." पेटी डोक्यावर घेऊन तो मळ्यात आला. आत हिंदुस्थानच्या इतिहासाची इंग्रजी पुस्तकं होती. तांबड्या चामड्याची पाठ, सोनेरी अक्षरं, आणि दर शंभरेक पानांनी एक पानभर चित्र, त्याच्यावर कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ कागद. बादशहा, राजे, किल्ल्याला घातलेला वेढा, अंबारीतला हत्ती. काही चित्रं हातानं रंगवलेली होती. घरात कुणालाही त्यातलं अक्षर वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांच्या मोलाविषयी कुणाला शंकाही नव्हती.

दसऱ्याला आमच्याकडे कुदळ, खुरपी, विळे, जू, नाडा आणि मोट धुऊन ओसरीवर मांडत. त्यांच्या रांगेत आबा पेटी ठेवायचा. एक पुस्तक काढून त्यातलं एक चित्र उघडायचा, आणि अवजारांना लावून झालं की ओल्या हळदीकुंकवाचं बोट चित्रातल्या राजाच्या कपाळावर टेकवायचा. दरवर्षी नवं चित्र. "एकालेच दरसाल लावलं तं बाकीचे रुसतीन," तो म्हणायचा. राजा नसेल तिथे हत्तीच्या गंडस्थळावर, आणि नुसतीच तोफ असेल तर तोफेच्या तोंडावर. लहानपणी ओसरीवर पालथा पडून मी ती चित्रं पाहत असे. पुढे शाळेत इतिहास शिकलो तेव्हा ते राजे मला टिळ्यासकटच आठवायचे. आबाच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला तशी चित्र उघडून देण्याचं काम माझ्याकडे आलं. मी त्याचं बोट धरून कपाळापर्यंत न्यायचो. "हा कोन?" तो विचारायचा. मी नाव सांगायचो. "बरं," असं म्हणून तो टेकवायचा.

हेडमास्तरांनी मला नागपूरच्या कॉलेजात जा म्हणून सांगितलं. ते मी घरी बोलून दाखवलं तेव्हा बा खूप वेळ बैलाच्या पाठीवरच्या गोचिड्या काढत राहिला. "गाडीभाडं होईन," तो शेवटी म्हणाला, "पन तिथी खाशीन काय?" खाटेवरून आबा म्हणाला, "पेटी हाय ना." आम्ही सगळे त्याच्याकडे पाहायला लागलो. पेटी विकता येते हे आमच्या कुणाच्याच डोक्यात कधी आलं नव्हतं. आई म्हणाली, "पूजेतलं इकतेत का, मामाजी?" आबा म्हणाला, "कायले नाई? मांडोत तं कुदळबी, पन तिनं खनतोच ना आपन."

रहीमभाई बाजारात जुनं सामान विकायचे. घड्याळं, आरसे, साहेब लोकांच्या खुर्च्या. नागपूरचा एक शौकीन गृहस्थ त्यांच्याकडून जुनी पुस्तकं घ्यायचा. ते मळ्यात आले, आंब्याखाली घोंगडीवर बसले, आणि मी वर सांगितलं त्या क्रमानं एकेक पुस्तक पाहू लागले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. प्रत्येक पुस्तकाच्या सुरुवातीला चित्रांची यादी होती, ती शेवटी मी वाचायची आणि त्यांनी चित्र काढून पाहायचं, गळालं तर नाही ना म्हणून, असं ठरलं. शिवण पाहून ते खूश झाले. नकाशे पाहून आणखी खूश झाले. आबा खाटेवर काठी धरून कान देऊन बसला होता.

"चीज चांगली हाय, बाबा. तुमी सांभाळली बी चांगली," रहीमभाई म्हणाले. मग ते चित्रांकडे वळले. त्यांनी पातळ कागद उचलला आणि मला जवळ बोलावलं. "ये लाल क्या है, बेटा?"

"कुंकू."

"हर तस्वीर पे?"

मी उत्तर द्यायच्या आधीच आबा खाटेवरून अभिमानानं म्हणाला, "दरसाल एक. पाळीनं लावलं. कोनावर अन्याव नाई."

रहीमभाईंनी दाढी खाजवली. ते हसले नाहीत. "बाबा, तुमी याले टिळा म्हनता. नागपूरवाला दाग म्हनन." त्यांनी पुस्तक मिटलं. साफ असती तर दोन वर्षांच्या खानावळीची फिकीर नव्हती, ते म्हणाले. अशी आहेत तशी दिली तर फुटाणे बांधायला कुणी घेईल, तोच भाव. "आठ दिवसानं नागपूरले जातो. विचारून पाहातो. पन आस नोका धरू."

त्या संध्याकाळी आईनं वांग्याचं भरीत केलं होतं. मी चुलीतल्या निखाऱ्यांकडे पाहत म्हणालो, "डाग नसते तर गेलो असतो." मी ते कुणाला उद्देशून म्हणालो नव्हतो. निदान इतकी वर्षं मी स्वतःला तसंच सांगत आलो आहे. आबाचा हात ताटात थांबला. मग त्यानं चाचपून भाकरीचा तुकडा मोडला आणि जेवण पुरं केलं.

दोन दिवसांनी बा आणि मी कांदा घेऊन केनवडच्या बाजाराला गेलो. बैलगाडीची वाट, एक मुक्काम तिकडेच, म्हणून परतायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. मळ्याजवळ आलो तेव्हा काढून झालेल्या कांद्याच्या रिकाम्या वाफ्यांमध्ये काहीतरी पांढरं पसरलेलं दिसलं. मला वाटलं, आईनं धोतरं वाळत घातलीत. जवळ गेल्यावर कळलं. शिवण उसवून सगळी चित्रं सुटी केली होती आणि वाफ्यांत ओळीनं मांडून प्रत्येकावर एक ढेकूळ ठेवलं होतं. ऊन इतकं कडक होतं की कागद वाळून पापडासारखे वर आले होते. थारोळ्याच्या काठाला आबा बसला होता. एका बाजूला कापलेली लिंबं, एका बाजूला धुण्याचा सोडा, आणि हातात वाळक्या घोसाळ्याची जाळी, जिनं आम्ही अंग घासायचो.

आई पदर तोंडाला लावून विहिरीच्या भिंतीशी उभी होती. "म्या म्हटलं, पोराले येऊ द्या," ती पुटपुटली. "आयकते कोन?"

"आला का सदा?" आबानं पावलांवरून ओळखलं. "पाह्य. एकबी दाग ठेवला नाई. तुही माय म्हने, सोड्यानं हयद लालच होऊन राह्यली. म्हटलं, जाते कशी नाई. लिंबू पिळलं, अन् रगडलं मंग." त्याच्या बोटांची टोकं पाण्यानं पांढरीफटक पडली होती.

डाग खरंच राहिले नव्हते. कपाळंही राहिली नव्हती. जिथे जिथे टिळा होता तिथे घोसाळ्याच्या जाळीनं छापाची शाई आणि तिच्याखालचा कागद सोलून निघाला होता. बादशहांना भुवयांच्या वर काहीच नव्हतं. हत्तीचं गंडस्थळ नाहीसं होऊन नुसते कान आणि सोंड उरली होती. रंगवलेल्या चित्रांतले रंग ओघळून एकमेकांत गेले होते. बा वाफ्याच्या बांधावरून सावकाश चालत गेला, एकेका चित्रापाशी थांबत, जसा तो कीड पडलेल्या पिकातून चालायचा. टोकाशी जाऊन परत आला आणि आबासमोर उकिडवा बसला.

"चांगले निंगाले, आबा," तो म्हणाला.

बा खोटं बोललेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. आम्ही दोघांनी चित्रं गोळा केली आणि पेटीत ठेवली. आबाला सोड्यानं भेगाळलेल्या हातांना तेल हवं होतं, ते आईनं लावून दिलं. तो इतका आनंदात होता की रात्रीपर्यंत आईशी साहेबाच्या बागेतल्या गुलाबांच्या गोष्टी बोलत राहिला.

रहीमभाई निघायच्या आदल्या दिवशी आले. मला त्यांना वाटेतच गाठून सांगायचं होतं, पण नेमका मी नाड्यावर होतो, आणि मोट भरून वर येत असताना बैल सोडता येत नाहीत. मी पोचलो तेव्हा पेटी उघडलेली होती. एक चित्र त्यांच्या मांडीवर होतं आणि आबा त्यांच्या तोंडाकडे, जिथे त्यांचं तोंड असावं असं त्याला वाटत होतं तिकडे, पाहत होता.

"दाग हाय का कुठी, रहीमभाई?"

"नाही, बाबा."

"मंग आता भाव पुरा भेटन?"

रहीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं, बाच्याकडे पाहिलं. "भेटन ना, बाबा," ते म्हणाले. "आता पुरा भेटन."

"मंग घिऊनच जा आज," आबा म्हणाला.

रहीमभाई एकदम उठले. आज हातात सामान फार आहे, उद्या सकाळी नेतो, असं काहीतरी बोलून ते निघाले. मी रुळापर्यंत त्यांच्याबरोबर गेलो. "बेटा, मुंहसे निकल गया," ते म्हणाले. "बुढ्याचं तोंड पाह्यलं अन्... आता तू सांग. मी म्हनतो की गिऱ्हाईक फिरला. चालन?"

चालणार नव्हतं. आबाला मी ओळखत होतो. एक गिऱ्हाईक फिरलं असं कळलं असतं तर तो पेटी डोक्यावर घेऊन, काठीनं वाट चाचपत दुसरं शोधायला निघाला असता. वकिलाकडे, मास्तरांकडे, जिनिंगच्या मालकाकडे. आणि कुणीतरी, कदाचित हसत हसत, त्याला सांगितलं असतं की आजोबा, तुमच्या राजांना डोकी नाहीत. माल आहे, भाव आहे, गिऱ्हाईक आहे. अशा वेळी सौदा मोडायला एकच कारण उरत होतं. मी रहीमभाईंना म्हणालो, "उद्या येऊ नका. मी बघतो."

घरी येऊन मी आबाला सांगितलं की मला जायचं नाही.

"काहून?"

"करमणार नाही तिकडे."

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. तो खाटेच्या काठाला धरून बसला. "करमत नाई म्हनते," तो बाला म्हणाला, जणू मी तिथे नव्हतोच. "मेंढरू लेकाचं. बैल नांगराले भेत नाई, अन् हे नागपूरले भेते." बा खाली मान घालून सुतळी वळत राहिला. त्याला सगळं ठाऊक होतं. मी मळ्यात राहणार, हेही त्याला हवं होतं. त्या दोहोंपैकी कोणत्या गोष्टीमुळे तो गप्प होता ते मी त्याला कधी विचारलं नाही, आणि आता विचारायला तो नाही.

कॉलेज सुरू झालं तो दिवस मी नाड्यावर बसून काढला. दुपारच्या गाडीनं शिट्टी दिली. मी मान वळवली नाही. पुढे मी मेडशीच्या शाळेत मास्तर झालो, आयुष्य वाईट गेलं असं म्हणणार नाही. पण त्या पावसाळ्यात मळ्यात जो कुणी येई त्याला आबा सांगायचा, "पैशाची सोय केल्ती मी. पोट्टंच गेलं नाई." लोक माझ्याकडे पाहून हसायचे. मी पाटातलं गवत काढत राहायचो. मला सुटता येत होतं, एका वाक्यात सुटता येत होतं, आणि ते वाक्य मी उच्चारू शकत नव्हतो. काही वेळा वाटतं, यात माझा मोठेपणा होता. मग दुसरी शंका येते, आणि ती खरी बोचते. भित्रेपणाचा अंगरखा मी आबासाठी अंगावर चढवला होता, तर तो इतका बेतून शिवल्यासारखा कसा बसला? कर्ज काढून, शिकवण्या करून, दुसऱ्या वर्षी तरी मला जाता आलं असतं. मी गेलो नाही. आणि ज्या माणसानं माझ्यासाठी आपले देव घासून काढले, तो सगळा पावसाळा आपलं देणं नातवानं नाकारलं असंच समजत राहिला.

त्या साली दसरा आला. आईनं अवजारं धुतली, पुरण घातलं. मी ओसरीवर कुदळ, खुरपी, विळे, जू, नाडा मांडले, मोट मांडली, आणि शेवटी पेटी आणली. कित्येक दिवसांत आबा माझ्याशी कामापुरतंही बोलला नव्हता. मी एक सुटं चित्र काढून त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं अवजारांना हळदकुंकू लावलं, बोट पुन्हा ताटलीत बुडवलं आणि हात पुढे केला. मी त्याचं मनगट धरून नेहमीसारखं नेलं. कागदाजवळ येताच त्यानं बोट वर उचललं आणि अंगठ्यानं ती जागा चाचपली. तिथला कागद लोकरीसारखा उसवलेला होता. अंगठा त्याच्यावरून एकदा गेला, परत आला आणि थांबला. माझ्या हातात त्याचं मनगट होतं. ते जड झालं.

"हा कोन?" त्यानं विचारलं.

मी नाव सांगितलं.

"लावू का?" तो म्हणाला. "दाग पडन. मंग इकता येनार नाई."

"लाव, आबा."

"मंग तू जाऊनच नाई राह्यला."

"नाही."

त्यानं मान हलवली. माझ्या हातातून मनगट सोडवून घेतलं आणि बोट स्वतःच खाली नेलं, अंगठा होता तिथे, त्या पांढऱ्या जागेच्या बरोबर मध्यभागी. नेहमीपेक्षा जास्त वेळ टेकवून ठेवलं. मग ताटली चाचपली आणि जमिनीवरून माझ्याकडे सरकवली.

"मोटीले राह्यलं," तो म्हणाला. मोटेला त्यानं मघाशीच लावलं होतं, मी पाहिलं होतं. "घे. यापुढं तू लावत जाय."

मी ताटली घेतली. कुंकवात बोट बुडवलं, आणि मोटेच्या ओल्या चामड्यावर, त्याच्या टिळ्याच्या शेजारी, माझा लावला.